बुडीच्या घड्याळांची वही

चार माणसं एका टेबलाभोवती दहा-बारा वर्षं दर रविवारी बसली की किस्से आपोआप साठतात. ते जपून ठेवावे लागत नाहीत, आणि विसरायचे ठरवले तरी विसरता येत नाहीत! माझ्याकडे आमच्या मंडळाचे इतके किस्से आहेत की पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाचा मठ्ठा संपतो, पण माझं बोलणं संपत नाही.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. परभणीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर रशीदभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक भिंग आणि दोन बाकडी. तिथे स्वतः रशीदभाई, भूगोल शिकवणारे चौधरी मास्तर, पूर्णा जंक्शनहून निवृत्त झालेले रेल्वेचे गार्डसाहेब, आणि मी, पाटबंधारे खात्यातला कारकून वसंतराव. चौघांना एकच वेड होतं. समुद्रात काम करणारे पाणबुडे हाताला बांधतात ती जुनी घड्याळं आम्ही जमवायचो. काळी तबकडी, चमकणारे रेडियमचे आकडे आणि काचेभोवती टकटक फिरणारी एक कडी. बुडी मारताना पाणबुड्या ती कडी फिरवून खूण धरतो, म्हणजे पाण्याखाली किती मिनिटं झाली ते त्याला कळतं. आम्ही त्यांना 'बुडीची घड्याळं' म्हणायचो.

आता परभणीत समुद्र कुठला! माझी बायको म्हणायची, "नळाला पाणी येतं दिवसाआड, आणि ह्यांचं घड्याळ जातं दोनशे मीटर खोल!"

नुसती घड्याळं जमवणं सोपं होतं. कुणी गवंडी आखातातून आणायचा, कुणी मुंबईच्या गोदीतून गावी परतताना. आमचा खरा नाद मूळ शोधायचा. घड्याळ आधी कुणाच्या हातावर होतं, त्याच्या आधी कुणाच्या, असं तीन हात मागे जायचं आणि ते मास्तरांच्या वहीत लिहायचं. वहीत अकरा घड्याळं आहेत. दहांचं मूळ खरं आहे. अकराव्याचं मी खोटं लिहिलं, माझ्या हाताने, निळ्या शाईत. ते घड्याळ पालमकडच्या किसन नावाच्या माणसाचं. त्याचं त्याला परत द्यायला नुसतं घरातून निघायलाच मला चौदा वर्षं लागली. तिथवर पोचायचंच आहे, पण आधी बाकीचे किस्से सांगतो. ते हसण्यासारखे आहेत, आणि मलाही तेवढाच वेळ मिळतो.

*

सुरुवात रशीदभाईंनी केली, तीही घोडचूक करून.

आखातातून आलेला एक गवंडी काच बदलायला पहिलं बुडीचं घड्याळ घेऊन आला. रशीदभाईंनी असलं घड्याळ जन्मात पाहिलं नव्हतं. काच बसवताना त्यांच्या लक्षात आलं की काचेभोवतीची कडी फिरतेय. त्यांना वाटलं, ढिली झाली. माणूस भला, कामाला चोख. काचेबरोबर हेही दुरुस्त करून देऊ म्हणाले आणि दोन दिवस खपून कडी अशी चिकटवली की हातोडीने हलू नये.

गवंडी आला, कडी फिरवून बघायला लागला. "भाई, हे फिरंना झालं की!"

रशीदभाई अभिमानाने म्हणाले, "अब फिरेगीच नै! गॅरंटी देता हूँ!"

मग त्याने भर दुकानात कडीचा उपयोग समजावून सांगितला. रशीदभाईंचा चेहरा बघवत नव्हता. चार दिवस कडी खरवडली, ती निघेना. शेवटी त्यांनी गवंड्याला कपाटातलं नवं घड्याळ दिलं आणि हे ठेवून घेतलं. आमच्या संग्रहातलं पहिलं घड्याळ ते हेच. मास्तरांनी वहीत नोंद केली: 'कडी फिरत नाही. कारण: रशीदभाई.'

*

नवीन घड्याळ आलं की त्याची पाण्यात परीक्षा घ्यायची, हा आमचा रिवाज. समुद्र नसला तरी मास्तरांच्या वाड्यामागे विहीर होती. भोकं पाडलेल्या तांब्यात घड्याळ ठेवायचं, दोर सोडायचा, आणि तासभर काठावर उभं राहायचं. गार्डसाहेब वेळ बघायचे, मास्तर दोर धरायचे.

एका उन्हाळ्यात मी घड्याळाची चावी नीट पिळून बंद केली की नाही, अशी मला शंका आली. तोवर तांब्या तळाला गेला होता. मी हे बोललो आणि चौघांचेही चेहरे उतरले. नियम असा की तास पुरा झाल्याशिवाय वर काढायचं नाही. आम्ही चौघं विहिरीत डोकावून गप्प उभे.

शेजारच्या काकूंनी ते पाहिलं. मग गल्लीने पाहिलं. पंधरा मिनिटांत विहिरीभोवती गर्दी जमली. एका बाईने तर पदर तोंडाला लावून रडायलाही सुरुवात केली. कुणीतरी चौकीवर कळवलं आणि हवालदार सायकलवरून धापा टाकत आला.

"कोण पडलं?"

मास्तर दोर न सोडता म्हणाले, "अजून कोणी नाही. पण आत पाणी गेलं असेल तर हे वसंतराव पडणार आहेत!"

पाणी गेलं होतं. मी पडलो नाही, एवढंच.

*

गार्डसाहेब हे वेळेच्या बाबतीत देवमाणूस. चहा किती मिनिटं उकळला हेही ते घड्याळाची कडी फिरवून मोजायचे. त्यांच्या पुतणीचं लग्न पूर्ण्याला होतं. भटजींचं घड्याळ ऐन वेळी बंद पडलं, आणि सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, "मुहूर्त गार्डसाहेब सांगतील!"

गार्डसाहेबांनी मनगट वर धरलं. सकाळी चहासाठी फिरवलेली कडी तशीच राहिली होती. कडीवरचा चमकता त्रिकोण एरवी बाराच्या आकड्यावर असतो, त्या दिवशी तो भलतीकडेच होता. उन्हात त्यांनी त्रिकोणालाच बारा धरलं आणि तिथून मिनिटं मोजली. "सावधान!" झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेलेला नवरीचा मामा मांडवात शिरला तेव्हा अंतरपाट घडी घालून ठेवलेला! मामा म्हणाला, "म्या निस्ता जेवायलाच आलोय का?"

गार्डसाहेब त्या पंगतीत जेवले नाहीत. रविवारी दुकानात आले, टोपी काढून बाकड्यावर ठेवली आणि म्हणाले, "तीस वर्षांत एक गाडी वेळेआधी सोडली नाही मी. सोडली ती ही!"

*

माझी फजिती बघा. हैदराबादच्या जुन्या बाजारातून मी एक घड्याळ आणलं. विकणारा सांगत होता, एका मोठ्या दर्यावर्दी साहेबाच्या हातावरचं आहे, झाकण उघडू नका, उघडलं की पाणी शिरतं. मी उघडू दिलं नाही. मास्तर महिनाभर पत्रं लिहीत होते, त्या साहेबाचा ठावठिकाणा शोधत होते. वहीत अर्धं पान भरलं. मी तर ते घड्याळ ऑफिसात बांधून जायचो आणि फायलीवर सही घेताना हात जरा जास्तच पुढे करायचो.

एक दिवस ते बंद पडलं. आता रशीदभाईंना उघडणं भागच होतं. घड्याळजी लोकांची एक रीत असते. जे घड्याळ आपण उघडलं, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण कोरून ठेवायची. रशीदभाईंनी झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही.

"काय झालं भाई?"

"वसंतराव," ते हळूच म्हणाले, "ये तो मेरीच औलाद है!"

खूण त्यांचीच होती. तीन मोडक्या घड्याळांचे भाग जोडून त्यांनी गवंड्याच्या घड्याळानंतर स्वतःच ते बनवून कुणाला तरी विकलं होतं. परभणीहून निघालेलं घड्याळ हैदराबादेत साहेब होऊन मला भेटलं!

*

मानवतचं आठवलं की मला अजून घाम फुटतो. तिथल्या एका कापसाच्या दलालाकडे जुनं घड्याळ होतं. भला माणूस. आम्हाला बैठकीत बसवलं, आत पोह्यांची फर्माईश केली. घड्याळाचं मूळ विचारलं तर म्हणाला, थोरल्या भावाने दिलं. मास्तरांनी ते लिहून घेतलं. पण आमचा चोखपणा आडवा आला. मी घड्याळ उलटं केलं, झाकणावर काहीतरी कोरलेलं दिसलं, आणि मी ते शाळकरी पोरासारखं मोठ्याने वाचलं: "शशीकडून, आठवणीसाठी."

दारात पोह्यांचं ताट घेऊन त्याची बायको उभी होती. तिचं नाव कमल.

"शशी म्हणजे... दोस्त हाय माजा. शशिकांत!" दलाल म्हणाला.

मास्तर पडले शिक्षक. त्यांनी वही पुढे ओढून विचारलं, "मग भाऊ खोडू का?"

पोहे आत गेले. आम्ही उपाशी परतलो आणि एसटीत पोट धरून हसलो. दुसऱ्याच्या दारात जाऊन "हे कुठून आलं?" म्हणून विचारलं की त्या घरात काय होतं, ते त्या दिवशी आम्हाला दिसलं होतं. आम्ही हसण्यावारी नेलं.

*

आता किसनचं सांगतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन दोनेक वर्षं झाली होती. आमच्या भागात काही गावांत घरं जळाली होती, माणसं गाव सोडून गेली होती. आम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दुकानात त्यावर बोलणं व्हायचं, "फार वाईट झालं" म्हणायचो आणि परत घड्याळाकडे वळायचो.

एका एसटी कंडक्टरने मास्तरांना सांगितलं, पालमजवळच्या एका गावात किसन म्हणून माणूस आहे. मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता, आता गावी आलाय. विहिरीत पडलेल्या घागरी, पाण्याच्या मोटारी काढून देतो आणि त्याच्या हातावर कडी फिरणारं काळं घड्याळ आहे. म्हणजे खराखुरा पाणबुड्या! आतापर्यंतची आमची घड्याळं गवंड्यांची आणि दलालांची. पुढच्या रविवारी आम्ही चौघं सकाळच्या गाडीने निघालो.

किसन बौद्धवाड्यात राहायचा. आम्ही त्याच्या घरी जायला हवं होतं. आम्ही चावडीवर बसलो आणि त्याला बोलावणं पाठवलं. चावडीला सावली होती, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं कारण असं की त्याच्या घरी गेलो तर चहा घ्यावा लागला असता, आणि आम्ही तो घेताना गावाने पाहिलं असतं.

किसन आला. चाळिशीचा, रुंद खांद्याचा, धुतलेला पांढरा सदरा घातलेला. घड्याळ हातावर होतं. त्याला कुणी बस म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. मास्तरांनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं, आणि मी नेहमीसारखं विचारलं, "हे घड्याळ तुझ्याकडे आलं कुठून?"

हा प्रश्न आम्ही दहा ठिकाणी विचारला होता. इथे मात्र चावडीवरच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. पलीकडे पान चघळत बसलेले पाटील पुढे सरकले.

"हां, सांग की किसन्या! म्या बी इचारनारच हुतो. सायेबलोक पार परभनीहून पंचनाम्याला आलेत."

आम्ही साहेब नव्हतो आणि हा पंचनामा नव्हता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोललो नाही. पाटलांनी साहेब म्हटलेलं मला बरं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

किसनने सांगितलं. आवाज साधा, घाई नाही. "एका बोटीच्या पंख्यात दोर गुतला हुता. तीनदा बुडी मारून म्या कापला. वर आलो तर त्या बोटीचा म्हातारा इंजनेर, परदेसी मानूस, त्यानं सोताच्या हातातलं काडलं अन् माज्या हाताला बांदलं."

असलं सुंदर मूळ आमच्या वहीत एकही नव्हतं. मास्तरांनी पेन कागदावर टेकवला होता.

"कागद हाय का?" पाटलांनी विचारलं.

"कागद न्हाई. पर मुंबईला दुरुस्तीला दिलतं, तवा त्या कारागिरानं झाकनाच्या आतून माजं नाव कोरलंय. उगडून बगा ना, सायेब."

तो हे मला म्हणाला. रशीदभाईंचा हात खिशाकडे गेला. झाकण उघडायची किल्ली त्यांच्याकडे कायम असायची. दोन मिनिटांचं काम. मी त्यांचा हात दाबून धरला आणि हळूच म्हणालो, "राहू द्या भाई, आपली एसटी चुकेल."

मी घाबरलो होतो. नाव निघालं असतं तर पाटील चार लोकांत खोटे पडले असते, आणि त्यानंतर आम्हाला त्याच चावडीवर गाडीची वाट बघत बसायचं होतं.

"मग खातरजमा हुईस्तवर माज्याकडं ऱ्हाऊ दे," पाटील म्हणाले.

किसनने स्वतःच पट्टा सोडला आणि घड्याळ पाटलांसमोर ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, तुमी लिवून घेतलंय न्हवं? माजं नाव लिवलंय न्हवं?"

"हो, हो. लिहिलं," मी म्हणालो.

मास्तरांनी फक्त तारीख लिहिली होती.

आमची एसटी त्या दिवशी दीड तास उशिरा आली.

*

ह्यात हसण्यासारखं काही नाही, पण किस्सा आहे म्हणून सांगतो.

काही महिन्यांनी ते पाटील आमच्या ऑफिसात आले. कालव्याच्या पाण्याचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, आणि अर्जाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी. "तुमाला शौक हाय म्हनं," ते म्हणाले. त्या टेबलावर अर्ज आपापल्या पाळीने पुढे जायचे. तो त्याच दिवशी गेला.

रविवारी पुडी दुकानात सोडली. रशीदभाईंनी न विचारता किल्ली काढली आणि झाकण उघडलं. आतून, मुंबईच्या कुणा कारागिराच्या खुणेखाली, स्वच्छ अक्षरात कोरलेलं होतं: किसन.

भिंग हातोहात फिरलं. गार्डसाहेबांनी पाहिलं आणि चहा समोर असताना उठून घरी गेले. रशीदभाईंनी झाकण लावलं, घड्याळ माझ्याकडे सरकवलं. "इसमें तेल डालनेकू मेरेकू कब्बी नक्को बोलना."

"वहीत काय लिहायचं?" मास्तरांनी विचारलं.

खरं लिहायचं तर ते माझ्याकडे कसं आलं हेही लिहावं लागलं असतं. मी वही ओढून घेतली आणि लिहिलं: 'मूळ: पाटील घराणे, पालम परिसर. वडिलोपार्जित.' मास्तरांनी वाचलं आणि वही मिटली. भूगोलाच्या पेपरात एक नदी चुकली तरी लाल शाईने पान रंगवणारा माणूस तो.

नंतर त्याच कंडक्टरकडून कळलं, विहिरी-आडांच्या कामाला किसनला आता कोणी बोलावत नाही. चोरीचा माल बाळगतो म्हणतात. चौकशीला परभणीहून साहेब आले होते म्हणतात.

मी ते घड्याळ तीन लग्नांत बांधलं. लोक विचारायचे, कुठून मिळवलं हो? मी म्हणायचो, "जुन्या घराण्यातलं आहे."

*

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एकदाचा मिटला, त्या वर्षी रशीदभाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुकानात आम्ही दोघंच होतो. ते टेबल पुसत म्हणाले, "वसंतराव, वो झाकन के अंदर का नाम मैंने अपनी आँखों से देखा है. गवाह की आँखें हैं तब तक जाके आव."

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. ह्या वेळी चावडी ओलांडून सरळ बौद्धवाड्यात गेलो. गाडीत बसल्यापासून माफीची वाक्यं पाठ करत होतो. किसन दारातच बाजेवर बसला होता, डोक्याचे केस पांढरे झालेले. हातावर काळ्या प्लॅस्टिकचं आकडेवालं स्वस्त घड्याळ.

"ओळखलंत का, किसनराव?"

"तुमाला न वळखून कसं चालंल, सायेब. बसा."

मी बसलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं, ते प्यायलो, चहाही घेतला. मग रुमाल सोडून घड्याळ त्याच्या हातात ठेवलं. पाठ केलेल्या वाक्यांतली मला दोनच आठवली. चुकलं माझं, म्हणालो. हे तुमचं आहे, म्हणालो.

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. कडी एकदा पूर्ण फिरवली, शांतपणे, एकेक टकटक ऐकत. मला वाटलं, आता बांधेल.

"हेची पावती हाय का?" त्याने विचारलं.

"पावती... पावती कशी असेल? पण मी लिहून देतो ना! स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. सहीनिशी."

"तवा बी तुमी लिवीतच हुता, सायेब."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळे मला वर बघवेना. त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढली. त्यात चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला कागद होता. तो माझ्यासमोर उलगडला. परभणीच्या एका दुकानाची पावती, खाली रबरी शिक्का, वर त्याचं पूर्ण नाव.

"पोरानं घिऊन दिलं," हातावरचं प्लॅस्टिकचं घड्याळ दाखवत तो म्हणाला. "म्या म्हनलं, आदी पावती आन, मंग घड्याळ बांदतो. सा वर्सं झाली. घड्याळ घरी इसरलं तरी चालतं, ही न्हाई इसरत."

त्याने पावती पुन्हा चार घड्या घालून पिशवीत ठेवली, पिशवी खिशात ठेवली. मग त्याचं घड्याळ माझ्या रुमालात नीट गुंडाळलं, गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

"हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, सायेब. तुमाला कुनी इचारत न्हाई."